मधुमेहात तोंडाला बुरशी: ओळखण्यापासून पूर्ण बरी होईपर्यंत

बाबांना दोन महिन्यांत तिसऱ्यांदा तोंड आलं, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी तोंड बघायच्या आधी दोनच प्रश्न विचारले. "रात्री कवळी कुठे ठेवता?" आणि "साखर शेवटची कधी तपासली?" पहिल्याला बाबा म्हणाले, "तोंडातच असते की." दुसऱ्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. आधीच्या दोन्ही वेळी औषध लावलं, आठवड्याभरात आराम पडला आणि आम्ही तो विषय सोडून दिला होता. त्या दिवशी ग्लुकोमीटरवर आकडा आला ३१२.

मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर बाबांचं तोंड, त्यांची कवळी आणि त्यांची साखर या तिन्हींची काळजी मीच घेतली. त्यात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांना मधुमेह नुकताच निघाला आहे आणि ज्यांच्या घरी असं कुणी आहे, त्यांच्यासाठी.

सुरुवात करण्याआधी: ही बुरशी येते कुठून?

बाहेरून येत नाही. कुणाचं उष्टं खाल्लं, पाणी खराब होतं, असं काही शोधत बसू नका. कॅन्डिडा नावाची ही बुरशी साधारण निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात एरवीही असते आणि काहीही त्रास देत नाही. लाळ तिला सतत धुऊन काढत असते, लाळेतली संरक्षक द्रव्यं तिला वाढू देत नाहीत, तोंडातले इतर जंतू तिला जागा मिळू देत नाहीत आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहाऱ्यावर असतात.

रक्तातली साखर वाढलेली राहिली की यातला एकेक पहारेकरी ढिला पडतो. रक्तात साखर जास्त असली की ती लाळेतही वाढते, म्हणजे बुरशीला आयतं खाद्य मिळतं. साखर लघवीवाटे जाताना पाणी ओढून नेते, त्यामुळे शरीर कोरडं पडतं आणि लाळही कमी होते. मधुमेह जुना असेल तर लाळग्रंथींना जाणाऱ्या नसांवरही परिणाम होतो. पांढऱ्या पेशींना जंतूंपर्यंत पोचायला आणि त्यांना मारायला वेळ लागतो. मग इतके दिवस गोल दाण्यांच्या रूपात गप्प पडून असलेली कॅन्डिडा लांब धागे काढते आणि ते धागे तोंडाच्या आतल्या नाजूक आवरणात रुततात. आग होते ती त्यामुळे.

हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. औषध बुरशी कमी करतं, पण तिला वाढायला जागा करून दिली ती साखरेने. दोन्हींवर एकाच वेळी काम केलं नाही तर तोंड पुन्हा येणार. आमच्याकडे दोनदा आलंच.

पहिलं काम: आरशासमोर उभे राहा

चांगला उजेड घ्या, मोबाइलचा टॉर्च चालेल. कवळी असेल तर काढून ठेवा. हात धुवा. जीभ वरून, खालून आणि दोन्ही कडांना बघा. गाल आतून, टाळू, हिरड्या आणि शेवटी ओठांचे दोन्ही कोपरे बघा. टाळू स्वतःला नीट दिसत नाही, तो दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा.

तोंडातली बुरशी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पांढरे डाग येतात. तो प्रकार आहेच. फाटलेल्या दुधाच्या कणांसारखे पांढरे, मऊ पापुद्रे जिभेवर, गालांवर किंवा टाळूवर दिसतात. स्वच्छ ओलं फडकं बोटाला गुंडाळून हलक्या हाताने पुसलं तर ते निघतात आणि खाली लालसर, कधी थोडं रक्त येणारं आवरण दिसतं. एकदाच पुसून बघा. रोज खरवडत बसलात तर जखम होईल.

पण मधुमेह्यांमध्ये नजरेतून सुटतो तो लाल प्रकार. त्यात पांढरं काहीच नसतं. जीभ गुळगुळीत आणि लालभडक होते, तिखट सोडाच, कोमट पाणीही झोंबतं, अन्नाची चव लागत नाही किंवा तोंडात धातूसारखी चव राहते. बरेच जण याला ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

कवळी वापरणाऱ्यांमध्ये तिसराच प्रकार दिसतो. बाबांचा टाळू मी टॉर्च लावून पाहिला तेव्हा कवळीची कड जिथे संपत होती, नेमका तिथेच लाल रंगही संपत होता, जणू पेन्सिलने आखून घेतला होता. आणि त्यांना तिथे काहीच दुखत नव्हतं! कवळीखालची बुरशी बहुतेक वेळा न दुखता वाढते, म्हणून ती बघूनच शोधावी लागते.

ओठांचे कोपरे चिरलेले, ओलसर आणि लाल असतील, तोंड उघडताना तणतणत असतील, तर तिथेही बऱ्याचदा हीच बुरशी असते. कधी तिच्या जोडीला इतर जंतूही असतात.

जो पांढरा किंवा लाल चट्टा पुसून निघत नाही, हाताला जाड किंवा खरखरीत लागतो, त्याला घरच्या घरी बुरशी ठरवू नका. तंबाखू, सिगारेट किंवा सुपारीची सवय असेल तर अजिबातच नाही. दोन आठवड्यांत न गेलेला कुठलाही चट्टा किंवा फोड दातांच्या डॉक्टरांनी बघायलाच हवा, गरज पडली तर त्याचा तुकडा तपासायला पाठवायला हवा. कर्करोगाची सुरुवात अशीच, न दुखता होऊ शकते.

दुसरं काम: त्याच दिवशी साखर तपासा

घरी ग्लुकोमीटर असेल तर लगेच तपासा आणि पुढचे काही दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, अशा दोन्ही वेळा आकडे वहीत लिहा. डॉक्टरांना या आकड्यांचा जितका उपयोग होतो तितका ‘साखर साधारण बरी असते’ या वाक्याचा होत नाही. संसर्ग असताना साखर आणखी चढते, त्यामुळे एरवी आटोक्यात असणाऱ्यांनाही चकित करणारा आकडा दिसू शकतो.

एचबीएवनसी ही चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती करून घ्याच, पण औषध सुरू केल्यावर आठवड्याभरात ती खाली येईल अशी अपेक्षा ठेवू नका. रोजची सुधारणा ग्लुकोमीटरवरच दिसेल.

आणि तुम्हाला मधुमेह आहे हे माहीतच नसेल तर? वारंवार तोंड येणं, सतत तहान लागणं, रात्री लघवीला उठावं लागणं, वजन आपोआप कमी होणं हे एकत्र दिसत असेल तर उद्याच रक्त द्या. उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली, की मधुमेह धरतात. लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून खात्री करतात. काही जणांचा मधुमेह पहिल्यांदा कळतो तो तोंडाच्या तक्रारीवरूनच.

तिसरं काम: डॉक्टरांकडे जाताना कागद घेऊन जा

दातांचे डॉक्टर किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर, दोघांपैकी कुणाकडेही सुरुवात केलीत तरी चालेल. बहुतेक वेळा ते बघूनच ओळखतात. शंका असेल तर कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन तपासायला पाठवतात.

कागदावर तुम्ही घेत असलेली सगळी औषधं लिहा. खरंच सगळी. साखरेच्या गोळ्यांची नावं, रक्त पातळ करणारं औषध, कोलेस्टेरॉलची गोळी, दम्याचा पंप, गेल्या महिन्याभरात घेतलेली अँटिबायोटिक्स किंवा स्टिरॉइड्स. अँटिबायोटिक तोंडातले चांगले जंतू मारतं आणि बुरशीला मोकळी जागा मिळते. स्टिरॉइडच्या गोळ्या तर प्रतिकारशक्तीही दाबतात आणि साखरही वाढवतात. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा गरोदरपण असेल तर तेही आधीच सांगा, त्यावरून औषध आणि त्याचा डोस बदलतो.

या कागदाचा इतका आग्रह का, ते पुढच्या टप्प्यात कळेल.

चौथं काम: औषध नीट घ्या

सौम्य त्रासाला तोंडातच काम करणारी औषधं देतात: निस्टॅटिनचे थेंब, क्लोट्रिमॅझोलच्या चघळायच्या गोळ्या किंवा मायकोनॅझोलचं जेल. त्रास जास्त असेल किंवा पुन्हा पुन्हा होत असेल तर फ्लुकोनॅझोलची गोळी पोटात घ्यायला देतात. उपचार साधारण ७ ते १४ दिवस चालतात.

तोंडात लावायच्या औषधाचं एकच सूत्र आहे: ते जितका वेळ बुरशीला चिकटून राहील तितकं चांगलं. थेंब तोंडात घेऊन गालांत, जिभेखाली, टाळूवर सगळीकडे फिरवा, शक्य तितका वेळ धरून ठेवा, आणि गिळायचं की थुंकायचं ते डॉक्टर सांगतील तसं करा. गोळी चावून खाऊ नका, ती हळूहळू विरघळू द्या. हे सगळं जेवणानंतर आणि कवळी काढून करायचं. नंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. बाबा औषध घेऊन लगेच चहा प्यायचे. पहिल्या दोन वेळी ते वरवरच बरं झालं होतं, त्यात या सवयीचाही हात होता असं मला वाटतं.

तिसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं आणि औषध मागे पडतं. तसं करू नका, सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करा.

आता मधुमेह्यांनी लक्षात ठेवायचीच अशी गोष्ट. फ्लुकोनॅझोल आणि मायकोनॅझोल यकृतातल्या ज्या एन्झाइमचं, म्हणजे औषधं मोडणाऱ्या द्रव्याचं, काम मंदावतात, त्याच एन्झाइमवर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड या साखरेच्या गोळ्यांचा निचरा अवलंबून असतो. परिणामी त्या गोळ्या रक्तात जास्त वेळ टिकतात आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर याच कारणाने रक्तस्राव होऊ शकतो. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही फ्लुकोनॅझोलचं जमत नाही. मायकोनॅझोल ‘फक्त जेल’ आहे म्हणून दुर्लक्ष करू नका, त्याचा काही भाग पोटातून रक्तात जातो. यातलं काही तुम्हाला लागू असेल तर डॉक्टर डोस कमी करतील किंवा दुसरं औषध निवडतील. जेल असो की गोळी, दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नका.

या बाबतीत निस्टॅटिन निर्धोक आहे. ते आतड्यातून जवळजवळ शोषलंच जात नाही, जिथे लागतं तिथेच काम करतं. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी ते १९५० मध्ये जगासमोर आणलं आणि ज्या न्यूयॉर्क स्टेटच्या आरोग्य खात्यात त्या काम करत, त्यावरून त्याला नाव दिलं. इतक्या वर्षांनीही ते वापरात आहे. मात्र त्याच्या काही द्रावणांत गोडीसाठी साखर घातलेली असते, म्हणून औषधाच्या दुकानात साखर नसलेलं मिळतं का ते विचारा. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश सांगितला असेल तर तो आणि निस्टॅटिन एकत्र घेऊ नका, दोन्ही एकमेकांना निकामी करतात. मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या.

मध लावणं, गोड सरबताची चूळ भरणं असले घरगुती उपाय इथे उलटेच पडतात.

कवळी असेल तर हे वाचाच

कवळीच्या प्लास्टिकला सूक्ष्म भोकं असतात आणि बुरशी त्यांत थर करून राहते. तोंडाला औषध लावलं आणि तीच कवळी परत बसवली, तर बुरशी पुन्हा तोंडात गेलीच म्हणून समजा.

रात्री कवळी काढायची. टाळूला हवा आणि लाळ मिळाली पाहिजे. काढल्यावर बेसिनमध्ये थोडं पाणी भरून त्यावर धरून मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने घासायची. हातातून सुटली तरी पाण्यात पडेल, फुटणार नाही. टूथपेस्ट वापरू नका, तिने ओरखडे पडतात आणि बुरशीला आणखी घरं मिळतात. उकळतं पाणीही नको, कवळी वाकडी होते. मग स्वच्छ पाण्यात किंवा कवळी धुण्याच्या गोळीच्या द्रावणात बुडवून ठेवायची. रोज पाणी बदलायचं, डबीही घासायची. संसर्ग असताना जंतुनाशक द्रावण कोणतं, किती वेळ, ते डॉक्टरांना विचारा, कारण धातू असलेल्या कवळीला ब्लीच चालत नाही. कवळी सैल झाली असेल तर ती घासून जखमा करते, तीही दुरुस्त करून घ्या.

बाबांना सुरुवातीला रात्री कवळी काढायला संकोच वाटायचा. आई म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मी तुम्हाला बघतेय, आता माझ्यापासून काय लपवायचं?" त्या रात्रीपासून कवळी डबीत जायला लागली.

तोंड दुखत असताना जेवणाचं काय?

हा भाग घाईत वाचू नका. तोंड झोंबतं म्हणून माणूस जेवण टाळतो, पण साखरेची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घेतो. मग साखर उतरते. हातपाय थरथरणं, घाम, एकदम भूक, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

हे टाळायचं तर मऊ, थंड किंवा कोमट, बिनतिखट असं थोडं थोडं पण वेळेवर खा. अगदीच खाता येत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस विचारा. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नका, साखर कमालीची चढून जिवावर बेतू शकतं.

रोजची काळजी

कोरड्या तोंडाला दिवसभर घोट घोट पाणी. साखर नसलेलं च्युइंगगम चघळलं की लाळ सुटते. अल्कोहोल असलेला माउथवॉश तोंड आणखी कोरडं करतो. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात, आणि हलक्या हाताने जीभ. संसर्ग बरा झाला की ब्रश बदला. सिगारेट सोडणं जमवाच, धुराने तोंडातली बुरशी वाढते आणि हिरड्याही जातात. दम्याचा पंप घेत असाल तर प्रत्येक वेळी नंतर चूळ भरून थुंका, गिळू नका.

तातडीने कधी जायचं

गिळताना छातीच्या हाडामागे दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असू शकते. त्याला तोंडातली औषधं पुरत नाहीत.

याहून गंभीर आहे म्युकरमायकोसिस. ही कॅन्डिडापेक्षा अगदी वेगळी बुरशी आहे. करोनाच्या काळात ‘काळी बुरशी’ म्हणून तिचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. साखर खूप चढलेल्यांना, विशेषतः रक्तात आम्ल साचलेल्यांना तिचा धोका असतो. टाळूवर काळा डाग, चेहऱ्याच्या एका बाजूला सूज किंवा बधिरपणा, नाकातून काळसर स्राव, डोळ्याभोवती दुखणं, दोन दोन दिसणं, धडधाकट दात अचानक हलू लागणं: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ती तासातासाने पसरते आणि शस्त्रक्रिया लागू शकते.

परत आलीच तर

आधी साखर आणि कवळी तपासा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. दोन्ही ठीक असूनही येत असेल तर डॉक्टरांना रक्त तपासायला सांगा: लोह, बी-१२, आणि एचआयव्हीसुद्धा. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी अनेक वर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्यानेही जीभ लाल, गुळगुळीत होऊन आग होते. अशा जिभेवर बुरशीचं औषध कितीही लावलं तरी फरक पडत नाही.

बाबांच्या वहीत आता साखरेच्या आकड्याशेजारी एक अरुंद रकाना आहे. त्याच्यावर ‘तोंड’ एवढंच लिहिलंय. सकाळी कवळी बसवण्याआधी आई टॉर्च धरते, टाळू बघते, आणि बाबा त्या रकान्यात बरोबरची खूण करतात.